टोकाला बंद केलेलं पाणी

त्या जागेचं नाव सांगत नाही. उत्तरेला, उंचावर, एवढं पुरे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझी तिथे पोस्टिंग झाली. मी तेव्हा इंजिनियर्समध्ये हवालदार होतो. ट्रेड प्लंबर. मागे मेहकरच्या एका शाळेने मला भाषणाला बोलावलं होतं. एका मुलीने उभं राहून विचारलं, "तुम्ही किती शत्रू मारले?" मी म्हणालो, "एकही नाही बाळ. मी नळ दुरुस्त करत होतो." मास्तर लोकांचे चेहरे पडले. पुढचा हार मला जरा घाईतच घातला गेला. नळाच्या कामात माझा एक माणूस गेला, हे तिथे सांगायचं राहून गेलं. म्हणून इथे लिहितो.

आम्ही ज्या घरात राहत होतो त्याला सगळे 'बंगला' म्हणत. इंग्रजांच्या काळात कुठल्यातरी साहेबाने बायकापोरांसाठी बांधलेलं दोन मजली दगडी घर होतं ते. आता तिथे आमची मेडिकल रूम होती. खाटा दहा, पण बहुतेक वेळा रिकाम्या. माणसं आम्ही पाच: एक कॅप्टन डॉक्टर, एक नर्सिंग असिस्टंट, कूक थापा, मी, आणि माझ्या हाताखाली नायक भास्कर तुळशीराम नागरे.

भास्कर सुलतानपूरचा आणि मी बीबीचा. एकाच लोणार तालुक्यातली दोन माणसं पलटणीत शेजारी-शेजारी येणं ही लॉटरीच. चारचौघांत तो मला 'उस्ताद' म्हणायचा, दोघंच असलो की 'दादा'. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. बापाचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मिरची, हिवाळ्यात मेथी-कोथिंबीर. विहिरीला पाणी बेताचं, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत भास्कर महाकंजूष होता. अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायचा.

"अबे, अंघोळ केली का नुसतं पाणी दाखोलं आंगाले?" मी विचारायचो.

"दादा, माह्या बापाच्या मळ्यात एक लोटा सांडला तं दिवसभर बोलणे बसते. ते सवय आता मोडत नाई."

त्या बंगल्यात ही सवय वरदान होती. हिवाळ्यात झरा गोठायचा. मग बर्फ वितळवून पाणी करायचं आणि जेरिकॅनने माळ्यावरच्या टाकीत चढवायचं. बर्फ वितळवायला के-ऑइल, म्हणजे आपलं रॉकेल. ते रॉकेल खालच्या डंपवरून पाठीवर आणायचं. उतरायला पस्तीस मिनिटं, भरलेला कॅन घेऊन चढायला तासभर. वाटेत बर्फाचा एक मोठा उतार आडवा पार करावा लागे. ऊन तापलं की तो बर्फ सैल व्हायचा. म्हणून स्टँडिंग ऑर्डर होती की ये-जा सकाळी दहाच्या आत. दहानंतर त्या उतारावर कोणी पाऊल टाकायचं नाही.

आता बंगल्यातली गरम पाण्याची व्यवस्था समजावतो. वाचणाऱ्याने एवढा परिच्छेद सोसावा. माळ्यावर थंड पाण्याची टाकी. तिथून एक पाईप तळमजल्यावरच्या बॉयलरकडे जायचा आणि दुसरा सरळ थंड नळांकडे. बॉयलर बिडाचा, मुळात कोळशावरचा, नंतर कोणीतरी त्याला रॉकेलचा बर्नर लावलेला. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी आपोआप वर चढायचं आणि पहिल्या मजल्यावरच्या तांब्याच्या टाकीत साठायचं. तिथून गरम नळांना. पंप नाही, वीज नाही. गरम पाणी वर जातं आणि थंड खाली येतं, एवढ्याच नियमावर ते घर कैक वर्षं चाललं होतं.

आमचं रूटीन ठरलेलं. ०५३० ला बर्नर पेटवायचा. ०६०० ला माळ्यावर जाऊन टाकीतल्या पाण्यावर धरलेला बर्फाचा पापुद्रा काठीने फोडायचा. ०६३० ला तांब्याच्या टाकीवरच्या तापमानाच्या गेजचं रीडिंग डॉक्टर साहेबांना कळवायचं. रीडिंग साठ डिग्रीच्या आसपास असायचं. साहेब "ओके" म्हणायचे. ह्यात बदल नसायचा आणि मला बदल नको असायचा.

गरम पाणी आम्हाला चैनीसाठी नव्हतं. वरच्या पोस्टवरून फ्रॉस्टबाइट झालेला जवान यायचा. त्याचे पाय लाकडासारखे टणक झालेले असत. ते पाय टबात, कोमट पाण्यात धरायचे. पाण्याची ऊब अंगाच्या उबेपेक्षा किंचित जास्त हवी, आणि अर्धा-पाऊण तास ती तशीच राहायला हवी. पाणी जास्त गरम झालं तर बधिर कातडी भाजते, माणसाला पत्ताही लागत नाही. गार झालं तर पाय हातचा जातो.

ट्रीटमेंट रूममध्ये टबाजवळ पितळेचा जुना मिक्सर होता. एका मुठीने गरम पाणी, दुसरीने थंड, दोन्ही मिसळून एका तोंडातून बाहेर. त्या तोंडाला आम्ही रबरी पाईप लावला होता. दर वेळी दोन्ही मुठी उघडून ऊब जुळवावी लागे आणि ती जुळेपर्यंत दोन बादल्या पाणी मोरीत जाई. भास्करचा जीव तीळतीळ तुटायचा. एका मंगळवारी त्याने स्टोअरमधून पितळेची एक छोटी तोटी आणली आणि रबरी पाईपच्या टोकाला क्लॅम्पने घट्ट बसवली. मिक्सरच्या दोन्ही मुठी बरोबर ऊब येईल तिथे ठेवल्या आणि लाल रंगाने खुणा केल्या.

"आता ह्या दोन मुठीईले हातच लावाचा नाई," तो म्हणाला. "पाणी पाह्यजे तं टोकाची तोटी उघडा, झालं की टोकालेच बंद करा. मळ्यात आपण असंच करतो का नाई? वाल्व बंद कराले विहिरीवर कोण जाते? तेवढ्यात पाईपभर पाणी वाया."

खरंच होतं ते. आमच्याकडे भाजीला पाणी देणारा माणूस पाणी टोकाला बंद करतो. मुळाशी जाऊन बंद करायला त्याला ना वेळ असतो, ना पाणी परवडतं. मी स्वतः लहानपणापासून हेच पाहिलेलं. म्हणून मी तोटी दोनदा उघडून बंद केली, थेंबही गळत नाही हे पाहिलं आणि "शाब्बास" म्हणालो. डॉक्टर साहेबांना वर घेऊन येऊन दाखवलंही. ते इंग्रजीत म्हणाले, "गुड जॉब, नायक." भास्करचे कान लाल झाले.

बुधवारी सकाळी गेज अठ्ठेचाळीसवर होतं. मला वाटलं, रात्री थंडी जास्त पडली असेल. गुरुवारी पस्तीस. बर्नर तोच, ज्योत तीच, वेळ तीच. माळ्यावर गेलो तर टाकीत बर्फाचा पापुद्राच नव्हता. मी हात घातला. पाणी गार होतं, पण झोंबत नव्हतं. मला बरंच वाटलं, काठी चालवायची कटकट वाचली. इकडे गेज उतरतंय आणि तिकडे माळ्यावर बर्फ धरत नाही, ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात एवढी साधी अक्कल मला त्या दिवशी सुचली नाही.

शुक्रवारी ०६१० ला गेज चोवीसवर. आणि ०६४० ला वरच्या पोस्टचा रेडिओ वाजला.

"ब्राव्हो फॉर अल्फा. दो कॅज्युअल्टी नीचे आ रही हैं. फ्रॉस्टबाइट. एक के दोनों पैर, एक का दाहिना. पहुँचेंगे दस बजे तक. ओव्हर."

"अल्फा. रॉजर. आउट."

डॉक्टर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "उस्ताद, दस बजे गरम पानी चाहिये. लगातार."

"मिलेगा साब," मी म्हणालो. ते कुठून मिळणार आहे हे मला ठाऊक नव्हतं.

०६५० ला कामाला लागलो. बर्नरचा नोझल काढून साफ केला, पुन्हा बसवला, ज्योत मोठी केली. बॉयलरला हात लावला तर चटका बसला. बॉयलरमधून वर जाणारा पाईप गरम. तांब्याची टाकी मात्र नुसती कोमट आणि गरम नळाला येणारं पाणी चक्क गार. मी पुन्हा खाली गेलो, पुन्हा बॉयलरला हात लावला, पुन्हा चटका घेतला. बॉयलर तर गरम आहे. मग ते गरम पाणी जातंय कुठे? गळती म्हणावी तर जमिनीवर थेंब नव्हता.

०७३० ला मी ठरवलं की पाईपात क्षार धरले असतील. आमच्या लोणारकडच्या पाण्याने भांड्यांना पांढरे थर चढतात, तेच डोक्यात होतं. टाकीखालचा एक सांधा उघडला. आत थोडा गंज, क्षार नाहीत. असणार कुठून? बर्फाचं पाणी ते. ०८१५ ला ठरवलं की एअर लॉक आहे, पाईपात हवा अडकली आहे. सगळे नळ उघडून हवा काढली, त्यात भरपूर पाणी गेलं. भास्कर शेजारी उभा राहून जाणारं पाणी बघत होता. गेज वीसवर आलं.

मी वैतागलो होतो. मी वैतागलो की माझा आवाज चढतो आणि बुद्धी खाली उतरते, असं माझी बायको म्हणते.

"आग वाढव," मी भास्करला म्हणालो.

"उस्ताद, आगीचा दोष नाई. बॉयलर लाल होऊन राह्यला. मले वाटते, हे गार पाणी भलतीकूनच येऊन राह्यलं गरम पायपात. एक-एक नळ बंद करून पाहू."

"कुठून येईल? भिंतीतून?"

"ते नाई सांगता येत. पण येऊन राह्यलं."

"आग वाढव म्हटलं ना? ऑर्डर आहे."

त्याने आग वाढवली. ह्यालाच आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. ०९०० ला पाहिलं तर दिवसभराचं रॉकेल बॉयलरने तीन तासांत प्यायलं होतं. गेज बावीस.

०९५० ला ते दोघं आले. एक पंजाबी, एक आसामी, दोघंही पंचविशीच्या आतले. रात्रभर वादळात अडकले होते. पंजाबी मुलगा स्वतःच्या पायांकडे असा बघत होता की ते दुसऱ्या कोणाचे असावेत. नळाचं पाणी मिळणार नाही हे मी डॉक्टर साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "स्टोव्ह लगाओ." थापाने कुकहाऊसमधल्या तिन्ही स्टोव्हवर डेगची चढवल्या. नर्सिंग असिस्टंट थर्मामीटर घेऊन टबाशी बसला. गरम पाणी ओतायचं, गार झालेलं काढायचं, पुन्हा ओतायचं. पंजाबी मुलाचे पाय आधी घेतले. पायात जीव यायला लागला तसा तो ओरडायला लागला. डॉक्टर साहेब म्हणाले, ओरडतोय हे चांगलं आहे.

११२५ ला थापा माझ्याकडे आला. "उस्ताद, तेल खतम. आधा घंटा चलेगा."

आसामी मुलाचा पाय अजून घ्यायचा होता. अर्ध्यात सोडलेला पाय पुन्हा गोठला तर मुळीच वाचत नाही, हे आम्हाला पाठ होतं. रॉकेल खालच्या डंपवर होतं. घड्याळात साडेअकरा होत आले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

"मी जातो दादा," भास्कर म्हणाला. चारचौघांत त्याने दादा म्हटलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"दहा वाजून गेले बे."

"मालूम हाय. लवकर जातो, लवकर येतो. तोवर तुम्ही ते नळ पाहा एक-एक करून."

डॉक्टर साहेब आत होते. त्यांना विचारायला मला दहा पावलं चालायचं होतं. ते नाही म्हणाले असते. मी विचारलं नाही. मी म्हणालो, "थापाला घेऊन जा. एकमेकांना दोर बांधा. उतारावर थांबू नका." ११४० ला दोघं निघाले.

मी बॉयलर बंद केला, उरलेलं रॉकेल स्टोव्हला दिलं आणि भास्करने सांगितलं होतं तसं सुरू केलं. तळमजल्यापासून एकेक नळ, एकेक वाल्व तपासत वर गेलो. सगळे बंद होते. शेवटी ट्रीटमेंट रूम. तिथे मिक्सरच्या दोन्ही मुठी लाल खुणांवर उघड्या होत्या. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "उस्ताद, वो तो बंद है. आगे से बंद है." मीही तेच म्हणणार होतो. वाकून पाहिलं. पाईपच्या टोकाची तोटी बंदच होती, थेंब गळत नव्हता. मी उठताना आधारासाठी भिंतीवरच्या पाईपला धरलं. तो माळ्यावरून येणारा थंड पाण्याचा पाईप होता.

तो कोमट होता.

मी तसाच धरून उभा राहिलो. थंड पाईप कोमट कसा? मला समजायला बराच वेळ लागला, किती ते सांगता येत नाही. टोक बंद होतं, पण दोन्ही मुठी उघड्या होत्या. म्हणजे मिक्सरच्या पोटात गरम आणि थंड पाईप एकमेकांना जोडले गेले होते. गरम पाणी वर चढतं. ते बाहेर पडू शकत नव्हतं, म्हणून मिक्सरमधून थंड पाईपात शिरून थेट माळ्यावरच्या टाकीत चढत होतं. आणि आम्ही गरम नळ उघडला की त्याच वाटेने माळ्यावरचं गार पाणी खाली येत होतं. मंगळवारपासून दिवसरात्र आम्ही रॉकेल जाळून माळा गरम करत होतो. भास्कर म्हणाला होता ते बरोबर होतं. गार पाणी भलतीकडूनच येत होतं, आणि ती वाट त्याने स्वतःच उघडली होती आणि मी तिला शाब्बास म्हटलं होतं.

मी दोन्ही मुठी बंद केल्या. १२३५. बर्नरच्या टाकीच्या तळाशी राहिलेल्या रॉकेलवर बॉयलर पुन्हा पेटवला. १२५० ला गेज एकतीस. मी गेजसमोर उभा राहून हसलो, हे मला कबूल करायला हवं. भास्कर वर आला की त्याला काय शिव्या द्यायच्या ते मनात जुळवत होतो.

१२५८ ला रेडिओ. खालच्या डंपची पोस्ट.

"अल्फा, ये चार्ली. स्लोप पे स्लाइड आयी है. आपका कोई रास्ते में है? ओव्हर."

मी हँडसेट उचलला. "दो आदमी. ओव्हर."

"चढ रहे थे या उतर रहे थे? ओव्हर."

"चढ रहे होंगे. ओव्हर."

मध्ये थोडी खरखर. "रॉजर. पार्टी भेज रहे हैं. आउट."

१३१० ला गेज चव्वेचाळीस. आसामी मुलाचा पाय नळाच्या गरम पाण्यात सुरू झाला. १४२० ला थापा आला. दोघांमधला दोर तुटला होता. चेहऱ्यावर रक्त गोठलेलं आणि पाठीवर एक जेरिकॅन. त्याने कॅन खाली ठेवला आणि तो बसला. चार्लीच्या पार्टीला भास्कर १६१० ला सापडला. त्याचाही जेरिकॅन पाठीला बांधलेलाच होता.

पुढे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारलं, बिघाड काय होता. मी सांगितलं, मिक्सरचे दोन्ही वाल्व उघडे राहिल्यामुळे क्रॉस कनेक्शन. वाल्व कोणी उघडे ठेवले? मी म्हणालो, माहीत नाही सर. डॉक्टर साहेबांनीही तोटीचा विषय काढला नाही. दहानंतर माणसं कोणी पाठवली? मी पाठवली. त्याची शिक्षा मला झाली, ती मी भोगली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोटीबद्दल मी खोटं बोललो. मेलेल्या माणसाच्या कागदावर चूक नको म्हणून बोललो, की मी तिला शाब्बास म्हटलं होतं म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

त्याला घरी न्यायला मला पाठवलं, एकाच तालुक्यातला म्हणून. सुलतानपुरात फाट्यापासून माणसं उभी होती. सगळं झाल्यावर त्याचे वडील, तुळशीराम काका, माझ्याजवळ आले. धोतर, बंडी, डोळे कोरडे. त्यांनी एकच विचारलं.

"तो खाली काऊन गेल्ता?"

"रॉकेल आणाले, काका. ड्यूटीवर होता."

ते "हाव" म्हणाले.

त्यानंतर दर वर्षी त्याच दिवशी मी सुलतानपूरला जातो. सर्व्हिसमध्ये होतो तेव्हा सुट्टी जुळवून जायचो. आता नायब सुभेदार म्हणून रिटायर झालोय, बीबीहून मोटारसायकलवर जातो. दर वर्षी जेवण झाल्यावर काका तोच प्रश्न विचारतात आणि मी तेच उत्तर देतो. ते "हाव" म्हणतात. त्यांचा विश्वास बसत नाही, हे मला कळायचं. आपल्या पोराने नियम मोडला, की कोणी मोडायला लावला, की आणखी काही लपवलं जातंय, ह्या विचाराने तो माणूस वर्षानुवर्षं कुरतडला जात होता. आणि त्याला सोडवणारा एकटा मी होतो आणि मी त्याच्या घरी पोळी खाऊन परत येत होतो. मला स्वतःची लाज वाटायची.

ह्या वर्षी गेलो तेव्हा काका घरी नव्हते, मळ्यात होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत, तरी मिरचीच्या वाफ्यांना पाणी देत होते. हातात काळा पाईप, त्याच्या टोकाला तोटी. एक वाफा भरला की टोकाला बंद करायचं, दोन पावलं सरकायचं, पुन्हा उघडायचं. मला पाहून म्हणाले, "या सुभेदार. बसा तिथी बांधावर. दोन वाफे राह्यले."

मी बसलो नाही. तिथेच उभं राहून सगळं सांगून टाकलं. बंगला, बॉयलर, मंगळवारची तोटी, माझं शाब्बास, दहाचा नियम, डॉक्टर साहेबांना न विचारणं, सगळं. शेवटी म्हणालो, "काका, तोटी त्यानं लावली हे मी कोणाले सांगतलं नाई. अन् त्याले दहा वाजल्यावर म्याच जाऊ देलं. मी आधी ऐकलं असतं त्याचं, तं जा लागलंच नसतं."

काकांनी तोटी बंद केली. हातातल्या पाईपकडे पाहिलं.

"हे तोटी म्याच शिकोली त्याले," ते म्हणाले. "सात वर्साचा असंन. पाणी सांडोलं म्हून मारलं होतं एकडाव."

 

मग त्यांनी विचारलं, आणि इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं, ना इन्क्वायरीत, ना गावात.

"त्या दोघा पोराईचे पाय वाचले काय?"

"वाचले काका. पंजाबचा होता त्याचे दोन्ही वाचले. आसामवाल्याचं एक बोट गेलं. दोघंही आपल्या पायानं चालत घरी गेले."

"अन् त्याच्या पाठीवर होतं ते रॉकेल?"

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. "वापरलं," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी साडेपाचले म्याच वतलं बर्नरमधी. हवा बिघडली, वाट बंद झाली, चार दिवस हेलिकॉप्टर आलं नाई. त्या पोराईचे पाय रोज दोनदा कोमट पाण्यात धरा लागत होते. त्याचा अन् थापाचा कॅन, तेवढ्यावरच चार दिवस काढले."  ते रॉकेल ओतताना मी रडलो होतो, तसाच आताही रडलो, भर मळ्यात, ह्या वयात.

काकांनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं.

"मंग वाया नाई गेलं," ते म्हणाले.

ते रॉकेलबद्दल बोलले की पोराबद्दल, हे मी विचारलं नाही. त्यांनी पाईप माझ्या हातात दिला आणि खाली बसले. उरलेले दोन वाफे मी भरले. निघेपर्यंत त्यांनी तो जुना प्रश्न विचारला नाही. जेवताना मात्र भास्करबद्दल बोलत राहिले. लहानपणी तो वांग्याची भाजी पाहून कसा पळायचा, बीबीच्या बाजारात एकदा कसा हरवला होता, भरतीला जाताना आईच्या पाया पडायला विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून कसा परत आला. मी त्याच्याबरोबर तीन वर्षं राहिलो, पण ह्यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

नायक भास्कर तुळशीराम नागरे, राहणार सुलतानपूर, तालुका लोणार. वय एकतीस. बिघाड त्याने बरोबर ओळखला होता.